'सगळ्यांना माहीतच आहे' म्हणणाऱ्यांना काही प्रश्न



"त्यात लपवण्यासारखं काय आहे? सगळ्यांना माहीतच आहे की!" हे वाक्य आपण सतत ऐकतो. वर्गाच्या ग्रुपवर कुणी प्रवेशाच्या यादीचा फोटो टाकतं आणि एका नावासमोरच्या प्रवर्गावर लाल गोल काढतं. जाब विचारला तर उत्तर येतं, यादी तर वेबसाईटवरच आहे. अत्याचार झालेल्या मुलीचं नाव मोर्चाच्या बॅनरवर छापलं जातं. विचारलं तर उत्तर येतं, गावभर झालंय, आता काय लपवायचं? आंतरजातीय लग्नाची नोंदणी करायला गेलेल्या जोडप्याच्या नोटिशीचा फोटो मुलीच्या भावकीपर्यंत पोचतो. तिथंही तेच उत्तर, नोटीस सरकारनंच भिंतीवर लावली होती.

यातली पहिली आणि तिसरी गोष्ट विरोधक करतात. दुसरी आपणही करतो. म्हणून हा लेख फक्त विरोधकांसाठी नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. माहिती उघड असणं ही एक गोष्ट आहे आणि ती पुन्हा उघड करणं ही वेगळी गोष्ट आहे. पुन्हा उघड करणारा माणूस नवी कृती करत असतो आणि त्या कृतीचा जबाब त्यालाच द्यावा लागतो. 'आधीच माहीत होतं' हा जबाब होत नाही. हे आम्ही आजच्या मोबाईलवरून सांगत नाही, आपल्या समाजाच्या इतिहासावरून सांगतो.

गावाला माहीत असणं म्हणजे काय

आमचं मुरुम उमरगा तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं. १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. इथं नगरपरिषद आहे, महाविद्यालय आहे, मोठी बाजारपेठ आहे. तरीही कुणाची जात कोणती हे सांगायला इथं कागद लागत नाही. आडनाव पुरतं. आडनावावरून कळलं नाही तर 'कुठल्या गल्लीतले?' एवढं विचारलं की झालं. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांची हीच तऱ्हा आहे. गावाच्या रचनेनंच जात उघड करून ठेवली होती. वस्तीचं नावच जातीचं होतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर त्र्याहत्तर वर्षं माणसाचा पत्ता हीच त्याच्या जातीची पाटी होती.

आता याच गावव्यवस्थेत माहिती वाहून नेण्याचं काम कुणाकडे होतं? आपल्याच पूर्वजांकडे. मयताची खबर घेऊन परगावी पायी जाणं, सरकारी टपाल पोचवणं, वसुलीसाठी लोकांना चावडीवर बोलावून आणणं ही महाराची वतनी कामं होती. हलगी वाजवून दवंडी देणं हे मांगाचं काम होतं. गावाची प्रत्येक बातमी आपल्या लोकांच्या पायांनी आणि तोंडानं फिरली. पण कोणती बातमी फिरवायची हे त्यांनी कधीच ठरवलं नाही. ठरवणारा चावडीवर बसलेला असे. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. त्या लढ्याचा मुद्दा वतनाच्या गुलामीचा होता. आम्ही त्याला एक जोड देऊ इच्छितो. दुसऱ्याच्या हुकमावरून दुसऱ्याची खबर फिरवणं हाही त्या गुलामीचाच भाग होता. आज हातातल्या मोबाईलवर आलेलं काहीही न विचारता पुढे ढकलताना आपण स्वतःला एकदा विचारावं, ही दवंडी कुणाच्या हुकमावरून चाललीय?

गावाला माहीत असण्याची एक हद्द असते. मुरुमला जे सगळ्यांना माहीत आहे ते पुण्यात खोली देणाऱ्या मालकाला माहीत नसतं. मुरुमचा मुलगा पुण्यात जातो तेव्हा थोडा मोकळा श्वास घेतो, तो त्या हद्दीमुळे. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना खेडं सोडून शहरात जायला सांगितलं, त्यामागे हेही एक कारण होतं. शहरात माणूस अनोळखी राहू शकतो. जो कुणी गावची माहिती उचलून त्या मालकाच्या कानावर घालतो तो नवीन काही सांगत नसेल, पण ती हद्द मोडून तो मुलाच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतो.

बाबासाहेबांनी माहिती कशी हाताळली

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचं छोटंसं आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचलं आहे. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालं नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात काढलं. अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून आपण ते वाचतो. या लेखाच्या प्रश्नासाठी ते पुन्हा वाचावं अशी आमची विनंती आहे.

पहिला प्रसंग १९०१ चा. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुलं मसूर स्टेशनावर उतरतात. कपडे चांगले, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करतो. लहानगा भीमराव सरळ सांगून टाकतो की आम्ही महार आहोत. मास्तरचा चेहरा पालटतो. ही जात साताऱ्याच्या शाळेत सगळ्यांना माहीत होती. मसूरच्या फलाटावर ती पहिल्यांदा उच्चारली गेली आणि गाडीवान मिळेना.

दुसरा प्रसंग बडोद्याचा, १९१७ चा. परदेशात शिकून आलेल्या माणसाला राहायला जागा नाही. पारशी विश्रामगृहाचा रखवालदार रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहायच्या अटीवर जागा देतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहतात. बाबासाहेब कोण आहेत हे बडोद्यात काही लपून राहिलेलं नव्हतं, संस्थानच्या शिष्यवृत्तीवरच ते शिकले होते. पण कचेरीला माहीत असणं वेगळं आणि विश्रामगृहाच्या दारात काठ्या येणं वेगळं. मधल्या कुणीतरी ती माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेली. त्या मधल्या माणसाचं नाव इतिहासात नाही, पण काम त्यानंच केलं.

तिसरा प्रसंग आपल्या मराठवाड्यातला, १९३४ चा, दौलताबादचा. सुमारे तीस कार्यकर्त्यांसह बाबासाहेब वेरूळकडे निघाले होते. तोपर्यंत गोलमेज परिषदा झाल्या होत्या, पुणे करार झाला होता. आंबेडकर कोण आणि कोणत्या जातीचे हे देशाला आणि परदेशालाही ठाऊक होतं. तरीसुद्धा त्यांनी हा दौरा गाजावाजा न करता, अनोळखी राहून करायचं ठरवलं होतं. जिथं मुक्काम होता तिथल्याच आपल्या लोकांना कळवलं होतं. दौलताबादच्या हौदावर हातपाय धुतल्यावर हौद बाटवला म्हणून गलका झालाच. पण मुद्दा पाहा. जगजाहीर झालेला माणूससुद्धा आपली ओळख कुठं सांगायची आणि कुठं नाही हे स्वतः ठरवत होता. त्याला पळपुटेपणा म्हणायची कुणाची छाती आहे? महाडला १९२७ साली उघडपणे तळ्यावर जाणारा आणि १९३४ ला अनोळखी राहून प्रवास करणारा माणूस एकच आहे. दोन्ही वेळा निर्णय त्याचा होता.

याच लेखनात पुढे दोन घटना येतात आणि त्यांतला फरक फार शिकवून जातो. एक घटना काठियावाडातल्या अस्पृश्य शिक्षकाची. बाळंतीण बायको आजारी पडते, डॉक्टर वस्तीत यायला नकार देतो, अखेर ती दगावते. ही हकीकत १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त पत्ररूपानं छापली गेली होती. बाबासाहेब ती घेतात, पण डॉक्टरचं नाव त्यात नाही आणि ते का नाही हेही सांगतात. शिक्षकाला सूडाची भीती होती आणि नाव न देण्याची विनंती त्याचीच होती. दुसरी घटना गुजरातमधल्या बोरसदला तलाठी म्हणून लागलेल्या भंगी तरुणाची. १९३८ साली मुंबईत दादरला भरलेल्या सभेत त्यानं उभं राहून आपली हकीकत स्वतः सांगितली. तिथं त्याचं पूर्ण नाव येतं.

ज्यानं झाकायला सांगितलं त्याचं झाकलं. जो स्वतः उभा राहून बोलला त्याचं नाव दिलं. घटना दोन्ही खऱ्या, दोन्ही आधीच उघड झालेल्या. तरीही निकष एकच, ज्याच्या अंगावर बेतलं त्याची इच्छा काय? आपल्याला आणखी कुठल्या पाश्चात्त्य नीतिशास्त्राची गरज आहे?

नोंदवही कुणाच्या हातात

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही आला. जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. नावं नोंदवली, बोटांचे ठसे घेतले, हजेरी लावली. आपल्या शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि ही माणसं कागदावर विमुक्त झाली. पण नोंदवहीतली माहिती कुठं विमुक्त झाली? गावात चोरी झाली की पोलीस आधी कोणत्या पालावर जातात हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'नं १९८७ मध्ये महाराष्ट्राला सांगितलं. कायदा मेला तरी यादी जिवंत राहिली.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध निकाल दिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका, असं न्यायालयानं सांगितलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत न्यायालयानं आणखी एक आदेश दिला होता. खटल्याच्या कागदपत्रांत पक्षकारांची जात-धर्म लिहिणं बंद करा. म्हणजे संविधान लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाली तरी घटस्फोटाच्या दाव्यातसुद्धा जात लिहिली जात होती. विचारलं असतं तर कारकुनानं हेच उत्तर दिलं असतं, "लिहिली तर काय बिघडलं? माहीतच आहे."

मग आम्ही जातीची नोंदच नको म्हणतो का? मुळीच नाही. इथं आपल्यातल्या काही तरुणांचा गोंधळ होतो म्हणून स्पष्ट लिहितो. जात मोजली नाही तर प्रतिनिधित्व मागता येत नाही. आरक्षणाच्या यादीत प्रवर्ग लिहिला नाही तर राखीव जागा कुणी खाल्ली हे कळणार नाही. बोगस दाखल्यांवर किती जागा लाटल्या गेल्या याची प्रकरणं आपण वर्षानुवर्षं लढतो आहोत. माधुरी पाटील प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाला दाखल्यांच्या पडताळणीची पद्धत घालून द्यावी लागली ती त्यामुळेच. बौद्धांच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्त अवघड आहे. १९५६ ला आपण जात सोडली. त्याची शिक्षा म्हणून केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत नाकारल्या गेल्या. त्या मिळाल्या तेव्हाही दाखल्यावर धर्मांतरापूर्वीची जात लिहूनच मिळाल्या. जी ओळख आपण दीक्षाभूमीवर टाकून आलो ती हक्कासाठी कागदावर बाळगावी लागते.

म्हणूनच तो कागद कशासाठी आहे हे विसरता येत नाही. दाखला हा हक्काचा पुरावा आहे, ओळखपत्र नव्हे. यादी ही जागेचा हिशेब तपासण्यासाठी आहे, वर्गमित्राची पायरी ठरवण्यासाठी नव्हे. जनगणनेचं उदाहरण घ्या. १९४८ च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम सांगतं की घरोघर भरलेली माहिती कुणाला पाहायला मिळणार नाही आणि ती पुरावा म्हणूनही वापरता येणार नाही. २०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. आपण ती निर्भयपणे सांगायची, कारण ती बेरजेत जाणार आहे, भिंतीवर नाही. मोजणं आणि बोट दाखवणं यातला फरक कायद्यालाही कळतो.

मुंबईच्या आयआयटीत फेब्रुवारी २०२३ मध्ये एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी संस्थेनं भेदभावाविरुद्ध सूचना काढल्या. त्यात विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारू नये, असंही म्हटलं. काहींनी याची टिंगल केली. क्रमांक विचारला तर काय होतं? क्रमांक ही निरुपद्रवी माहिती दिसते, पण त्या वसतिगृहात ती जात विचारायची सभ्य पद्धत झाली होती. सवर्णाला जो निव्वळ आकडा वाटतो तो आपल्या मुलाला चावडीवरचा प्रश्न वाटतो.

भिंतीवरची लग्नाची नोटीस

जातिनिर्मूलनासाठी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं त्याला वाट दिली, पण त्याच कायद्याच्या सहाव्या कलमानं वाटेत काटाही ठेवला. लग्नाची नोटीस कचेरीत ठळक ठिकाणी लावायची आणि नोंदवही कुणालाही फुकट पाहू द्यायची. आक्षेपासाठी तीस दिवस. हेतू काय होता? आधीचं लग्न लपवलेलं नाही ना, वय पूर्ण आहे ना, हे तपासता यावं. उपयोग काय झाला? घरातून निघालेल्या मुलामुलीचा ठावठिकाणा भावकीला मिळू लागला.

केरळमध्ये या नोटिसा सरकारी संकेतस्थळावर टाकल्या जात होत्या. धर्मांध टोळ्यांनी त्या उतरवून घेऊन जोडप्यांच्या फोटो-पत्त्यांसह फिरवल्या. जुलै २०२० मध्ये तिथल्या सरकारला ही पद्धत थांबवावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर ठेवलं. आणि आपलं पुरोगामी महाराष्ट्र सरकार? १३ डिसेंबर २०२२ ला त्यानं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर 'आंतरजातीय' शब्द तेवढा वगळला.

नोटीस फिरवणाऱ्या एकाही टोळीनं कुलूप तोडलं नव्हतं. माहिती उघडच होती. त्यांनी फक्त ती गोळा केली, जोडली आणि जिथून धोका होता नेमक्या तिथं पोचवली. सुटे तुकडे गोळा करणं हीच इथं खरी कृती आहे. मुलीचं नाव एकीकडे, मुलाची जात दुसरीकडे, खोलीचा पत्ता तिसरीकडे, असं असेतोवर कुणी मरत नाही. तिन्ही एका पोस्टमध्ये आले की ती पोस्ट हत्यार होते.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

१९९४ च्या राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की एखादी गोष्ट सार्वजनिक दप्तरात आली की तिच्याबाबत खासगीपणाचा हक्क उरत नाही. त्याला अपवाद ठेवला तो लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतल्या पीडित स्त्रीचा. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानं पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि तो प्रतिष्ठेशी जोडला. प्रतिष्ठा हा शब्द आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतला आहे, तो आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा पाहा. माणसानं स्वतः सार्वजनिक केलेली किंवा कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक झालेली माहिती या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. म्हणजे घरकुलाच्या, शिष्यवृत्तीच्या, प्रवेशाच्या यादीत ज्याचं नाव कायद्यानं टांगलं त्याला संरक्षण नाही. अशा याद्यांत कुणाची नावं असतात? जो सरकारकडे मागायला जातो त्याची. बंगल्यात राहणाऱ्याचं नाव घरकुलाच्या यादीत कशाला येईल? आणि त्याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल करून अधिकाऱ्यांची माहिती 'वैयक्तिक' म्हणून नाकारणं सोपं केलं. गरिबाचं उघडं आणि साहेबाचं झाकलेलं. कार्यकर्त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की त्याच कायद्यातलं कलम आठ, पोटकलम दोन शिल्लक आहे. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात त्याचा आधार घ्या.

याचा अर्थ सगळंच झाकावं असा नाही. गायरान कुणाच्या ताब्यात गेलं, समाजकल्याणचा निधी कुठं वळवला, उमेदवाराच्या शपथपत्रात किती गुन्हे आणि किती संपत्ती आहे, हे शंभर वेळा छापा. ती माहिती सत्तेची आहे. सत्ता चालवणाऱ्याला लोकांनी पाहिलंच पाहिजे. आमचा निकष उलटा नाही, सरळ आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचा कारभार उजेडात आणा, आणि ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला विचारल्याशिवाय त्याचा सदरा काढू नका.

आपल्या चळवळीचा आरसा

आता अवघड भाग. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडलं. मोठ्या वर्तमानपत्रांनी सुरुवातीला त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मृतदेहांची छायाचित्रं कार्यकर्त्यांच्या हातोहात फिरली आणि महाराष्ट्र पेटून उठला. ती छायाचित्रं फिरली नसती तर प्रकरण दडपलं गेलं असतं, हे म्हणणं खोटं नाही. त्या काळातल्या कार्यकर्त्यांकडे दुसरं साधन नव्हतं. पण आज काय? दर सप्टेंबरला तेच फोटो, त्याच अवस्थेत, श्रद्धांजलीच्या नावाखाली फिरतात. आता कोणतं दडपलेलं प्रकरण त्यातून उघड होतं? आपल्या आयाबहिणींचा देह आपणच दरवर्षी चावडीवर ठेवतो आणि 'सगळ्यांनी पाहिलेलाच आहे' म्हणतो.

अमेरिकेतलं उदाहरण आपल्या पँथरच्या पिढीला जवळचं आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हालहाल करून मारलं. शिकागोतल्या अंत्यविधीला शवपेटी उघडी ठेवायची, माझ्या मुलाचं काय केलं ते जगानं पाहावं, हा निर्णय त्याच्या आईनं, मेमी टिल यांनी, घेतला. 'जेट' मासिकानं फोटो छापले आणि नागरी हक्कांच्या चळवळीला धार आली. फोटो भयंकरच होते. पण तिथं आईनं ठरवलं होतं. आपल्याकडे कुणी ठरवलं?

आपल्या साहित्यानंही हा प्रश्न पेलला आहे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ ला आलं तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्या लोकांनी नाराजी दाखवली, घरातलं उघड्यावर का आणलं म्हणून. आमच्या शेजारच्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळेंनी १९८४ मध्ये 'अक्करमाशी' लिहिलं. त्यांच्या जन्माची कहाणी गावाला माहीत होतीच. गाव ती शिवीसारखी वापरत होतं. लिंबाळेंनी ती स्वतःच्या तोंडानं सांगितली आणि शरमेचं ओझं पाटलाच्या दारात नेऊन टाकलं. माहिती तीच, पण बोलणारा बदलला आणि अर्थ उलटला. म्हणून आत्मकथनांचा दाखला देऊन दुसऱ्याचं आयुष्य उघडं करणाऱ्यांना आम्ही म्हणतो, त्यांनी स्वतःचं सांगितलं, तुम्ही दुसऱ्याचं सांगता.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर कायदा अगदी स्पष्ट आहे. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंडविधानाचं कलम २२८ अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ७२ म्हणून आहे. डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालानं सांगितलं की पीडितेचा मृत्यू झाला असला तरी नाव देता येत नाही आणि नातेवाइकांची नुसती परवानगी पुरत नाही. निर्णय सत्र न्यायाधीशांकडे जातो. गाव, शाळा, बापाचं नाव देऊन ओळख पटेल असं लिहिणंही त्यातच येतं. आपल्याविरुद्ध वापरायला शस्त्रं शोधणाऱ्यांच्या हाती हे कलम आपण फुकट का द्यावं? आणि कलम नसतं तरी आपण ते केलं नसतं, असं म्हणता आलं पाहिजे.

पोस्ट करण्याआधी चार प्रश्न

शाखेच्या बैठकीत मांडता येतील असे चार प्रश्न आम्ही सुचवतो.

एक, ही माहिती कुणाची आहे? सत्ता चालवणाऱ्याची की सत्तेखाली भरडलेल्याची?

दोन, ती पहिल्यांदा उघड झाली तेव्हा कशासाठी झाली होती आणि आपण ती कशासाठी वापरतो आहोत? हेतू बदलला असेल तर 'आधीच उघड आहे' हे कारण तिथंच संपलं.

तीन, हे फिरल्यावर परिणाम कोण भोगणार? आपण मुरुमच्या चौकात भाषण करून घरी जाऊ. पीडित कुटुंबाला त्याच गावात, त्याच नळावर, त्याच किराणा दुकानात उद्या जायचं आहे.

चार, त्यांना विचारलं का? विचारलं असेल तर 'नाही' म्हणायला त्यांना मोकळीक होती का, की गाडी भरून गेलेल्या कार्यकर्त्यांसमोर ते नुसते गप्प बसले?

हे प्रश्न फक्त अत्याचाराच्या प्रकरणांसाठी नाहीत. स्पर्धा परीक्षेत निवड झालेल्या मुलीचं अभिनंदन करताना आपण कौतुकानं तिचं नाव, गाव, प्रवर्ग आणि मोबाईल नंबर एका चौकटीत छापतो. उद्या ती ज्या कचेरीत रुजू होणार तिथं तिच्या आधी तिचा प्रवर्ग पोचलेला असतो. तिला तो अभिमानानं सांगायचा असेल तर ती सांगेल, जयभीम म्हणून सांगेल. तो पहिला उच्चार तिचा असू द्या.

व्यवस्थेनं हजारो वर्षं आपल्याला नाव दिलं, पत्ता दिला, पायरी दिली आणि सगळ्यांना सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी त्यावर उत्तर दिलं. आम्ही कोण हे आम्ही सांगू. धम्मदीक्षेचा हा अर्थ आपण मान्य करत असू तर आपल्या बाजूच्या सर्वांत दुबळ्या माणसालाही तोच हक्क आहे. आपण कोण, आपल्यावर काय झालं, हे कुणाला आणि कधी सांगायचं हे त्याचं त्यानं ठरवावं. आपलं काम त्याच्या शेजारी उभं राहण्याचं आहे.

जयभीम! जय संविधान!